बिनखुणेचा खड्डा

“खूण होती की नव्हती, एवढंच लिहायचंय, मुकादम. ‘होती’ लिहा आणि मोकळे व्हा.”

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं. सात वर्षांत या माणसाने मला कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. आज खुर्ची दिली, वर चहा मागवला. तेव्हाच ओळखलं की आज आपली काही धडगत नाही.

गेल्या महिन्यात एक्केचाळिसाव्या किलोमीटरला एक टेम्पो खड्ड्यात आदळून उलटला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या खड्ड्याभोवती धोक्याची खूण होती का, याची ही चौकशी. खुणा करणारा मुकादम मी. आणि तो ड्रायव्हर माझा मुलगा.

खुणांचं हे खूळ माझंच. टोल होता तेव्हा त्याची गरज नव्हती. माझ्या हाताखाली चौदा माणसं होती, डांबर तापवायची गाडी होती, रोलर होता. सकाळी पडलेला खड्डा संध्याकाळपर्यंत बुजलेला असायचा. नाक्यावर क्रेन आणि अँब्युलन्स कायम उभी. हे सगळं टोलच्या पैशावर चालायचं, पण लोकांना दिसायचा तो फक्त नाक्यावरचा आडवा दांडा. मलाही तेवढाच दिसायचा, खोटं कशाला बोलू?

लोकांनी आंदोलन केलं आणि टोल उठला, त्या दिवशी आमचे चिरंजीव सगळ्यांच्या पुढे. तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा त्यानेच मोडला आणि त्यातला पुरुषभर लांबीचा तुकडा खांद्यावर टाकून घरी आणला.

“बाबा, आजपासून रस्ता आपल्या बापाचा!”

“बापाचाच आहे. बापच बुजवतो ना खड्डे,” मी म्हटलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हिने तो तुकडा मागच्या दारी आडवा टांगला आणि त्याच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

सहा महिन्यांनी डांबर यायचं बंद झालं. मी कचेरीत हिशेबनिसाकडे गेलो. हा माणूस खरं बोलतो, म्हणून त्याला बढती मिळत नाही.

“मुकादम, टोलच्या ठेकेदाराची मुदत अजून अकरा वर्षं होती. मधेच नाका बंद केला म्हणून तो कोर्टात गेला आणि जिंकला. आता सरकार त्याला दरवर्षी भरपाई देतं. तुमच्या डांबराचे पैसे तिकडे वळवले.”

“म्हणजे नाका मोडला आणि नाकेवाला तरला?”

“तरला? अहो, त्याला आता रस्त्याचा खर्चही उचलावा लागत नाही. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून डिझेलवर कर बसवलाय. तुमच्या शेजारचा शिंपी कधी या रस्त्यावर आलाय? भाजी घेताना तोही टोल भरतोय, फक्त त्याला पावती मिळत नाही.”

चौदाही माणसं गेली, मी एकटाच उरलो. रोलर कुणाला तरी विकला, अँब्युलन्स शहरात गेली. गोदामात चुन्याची पोती तेवढी पडून होती. मग मी रोज पहाटे सायकलवर एक पिशवी टाकून निघायचो आणि दिसेल त्या खड्ड्याभोवती पांढरा गोल काढायचो. बुजवता येत नाही तर निदान दाखवू तरी. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, “काय मुकादम, निघाले सरकारतर्फे चुना लावायला!” पण हळूहळू त्यांचा विश्वास बसला. गोल दिसला की गाडी वळवायची, नसला की बिनधास्त हाणायची. मुलगा म्हणायचा, “तुमच्या खुणेवर मी डोळे मिटून गाडी चालवतो, बाबा.” मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

मग या साहेबांचा फोन आला. “वरून पाहणीला येतायत. दोन दिवस नवे गोल काढू नका. फोटोत रस्त्याला गोवर आल्यासारखं दिसतं.”

त्याच सकाळी एक्केचाळीसला नवा खड्डा दिसला, चांगला हातभर खोल. मी सायकलवरून उतरलो. पिशवी मागे कॅरियरला होती. दोन मुठी चुन्याचं काम. पण आयुष्यभर ‘हो साहेब’ म्हणत आलेला माणूस मी. म्हटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, परवा करू. आणि पुढे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो उलटला. शहरातून अँब्युलन्स यायला पावणेदोन तास लागले. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर पाय वाचवता आला असता.

शुद्धीवर आल्यावर पोरगं आईला काय म्हणालं? “माझंच लक्ष नसेल गं. खूण असणारच. बाबा खूण चुकवतील होय!”

तेव्हापासून महिना झाला. त्याच्या डोक्याशी बसून पाणी पाजलं, पाठ पुसली, पण खरं काय ते सांगितलं नाही.

“विचार कसला करताय?” साहेब म्हणाले. “निवृत्तीला चार महिने राहिलेत. ‘नव्हती’ लिहिलंत तर हलगर्जी तुमची. पेन्शन अडकेल. घरात अपंग पोरगा आहे, त्याचं तरी बघा.”

“त्याचंच बघतोय. पण साहेब, तुम्हीच फोन केला होतात ना?”

“मी?” साहेबांनी चहाचा कप उचलला. “लेखी आहे का काही?”

मी लिहिलं, ‘खूण नव्हती. खड्डा मी आदल्या दिवशी पाहिला होता.’ खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला आणि माझा न संपलेला चहा शिपायाला उचलायला सांगितला.

घरी आलो. मुलगा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता.

“खूण नव्हती रे,” मी म्हटलं. “मीच केली नव्हती.”

त्याने विचारलं, “खड्डा दिसला होता तुम्हाला?”

“हो.”

“आणि चुना?”

“होता जवळ.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मागच्या दारी जाऊन पायरीवर बसलो. ही वाळलेले कपडे काढत होती. त्या लाल-पांढऱ्या दांड्यावर पोराच्या तिन्ही पँटी टांगलेल्या होत्या. प्रत्येकीचा उजवा पाय तिने गुडघ्यापाशी दुमडून, बारीक टाके घालून शिवला होता. एकेक पँट काढून तिने नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.