काठावरचा चहा

"हळू गं, आत काच आहे!"

मित्रांनो, या जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. कारखान्यात मला खोक्यात भरणाऱ्या बाईनं ते शेजारणीला सांगितलं होतं. तिचा चेहरा मला आठवत नाही, आवाज मात्र अजून आठवतो. तेव्हा मी नवा होतो, निळा होतो, अंगावर पांढऱ्या फुलांची वेल होती. आता फुलं खरवडून गेली आहेत आणि बुडाला पोचा आला आहे. मी एक म्हातारा थर्मास आहे.

माझी घडण साधीच. काचेच्या दोन भिंती, त्यांना चांदीसारखा मुलामा, आणि दोन भिंतींच्या मधे काहीच नाही. हवासुद्धा नाही. त्या रिकामपणामुळेच आतली ऊब आत राहते. बाहेरून हात लावला तर मी गारच लागतो. आत काय आहे, ते बूच काढल्याशिवाय कुणाला कळत नाही.

प्रेमलताबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेर म्हणून दिलं आणि मी वटार गावी काशिनाथरावांच्या घरी आलो. घराच्या मागे वाडी. वाडीत केळी, सुपारी, मोगऱ्याच्या रांगा, आणि पार टोकाला गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे त्याला बावखल म्हणतात. प्रेमलताबाई माहेरी बावखलातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. लग्न ठरवायला काशिनाथराव त्यांच्या घरी गेले, तेव्हा बाईंनी नवऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला होता.

"तुमच्या वाडीत बावखल आहे का?"

"आहे की. चांगलं मोठं आहे."

एवढ्यावर लग्न ठरलं, असं बाई अजूनही हसत सांगतात. मला भरताना त्या एक ओवी गुणगुणत असत. ती मला पाठ आहे.

बावखलाच्या पाण्या, किती खोल तुझं पोट
तुझ्या तळाशी ठेवते, माझ्या मनातली गोष्ट

लग्नानंतरची पहिली सहल कारवारला झाली. मीही होतो. समुद्र बघताच बाईंनी पदर खोचला आणि धावत पाण्यात शिरल्या. "चला ना हो!" त्यांनी हाक मारली. काशिनाथराव म्हणाले, "तू जा. मी कपडे आणि चहा सांभाळतो." बाई पोहत पोहत लांब गेल्या. आणि काशिनाथराव काय करत होते, ठाऊक आहे? समुद्राकडे पाठ करून बसले होते! मला त्यांनी मानेशी असं घट्ट धरलं होतं, की वाटलं, आता माझी काच तडकणार. बाई निथळत परत आल्या तेव्हा त्यांनी एक शब्दही न बोलता चहा ओतला. चेहरा पांढराफटक. बाईंचं हसू तिथंच विरलं.

बायकोनं चारचौघांत पोहलेलं यांना आवडत नाही, असं त्यांना वाटलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पुढच्या सहलीला बाई गुडघाभर पाण्यात गेल्या. त्याच्या पुढच्या खेपेला नुसते पाय भिजवले. मग तेही थांबलं. घरच्या बावखलावर त्या कपडे धुवायला जात, पण पाण्यात उतरत नसत. दोघांत कधी भांडण झालं नाही, कारण ती गोष्ट कधी निघालीच नाही. मला मात्र काशिनाथरावांविषयी एक अढी बसली ती बसलीच.

दोघं निवृत्त झाले. त्या शाळेतून, ते टेलिफोनच्या कचेरीतून. मग तर आमचे पाय घरात ठरेनात. सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर फेरी, थंडीत मिठागरांवर पक्षी बघायला जाणं, रविवारी तुंगारेश्वरची चढण. वर्षातून एक मोठी सहल, आणि ती नेहमी डोंगराकडे. ठिकाण काशिनाथरावच ठरवत. माझ्या चहाची सगळीकडे तारीफ होई. "काकू, अजून वाफ निघतेय हो!" असं कुणी म्हटलं की मी आतल्या आत फुगत असे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. राजोडीला सुरूच्या झाडाखाली आमचा चहा चालला होता. बाईंची बालमैत्रीण मटिल्डा सोबत होती. ती एकदम म्हणाली, "काय गं प्रेमा, तू तर आमच्या बावखलात मासोळीसारखी सुळसुळ जायचीस. आता येतं का पोहायला?"

बाई समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा येत होतं."

काशिनाथराव टोपणात चहा ओतत होते. चहा टोपण सोडून वाळूत सांडत राहिला. मला नवल वाटलं, पण ते तेवढ्यावरच राहिलं, कारण दिवाळीत पुण्याहून लेक राधिका आली आणि तिनं स्टीलची चकचकीत बाटली आणली. "आई, तो फुटका-तुटका थर्मास टाक आता!" बाईंनी मला टाकलं नाही. पुसून माळ्यावर ठेवलं. पण माळा म्हणजे माळाच. तिथं माझ्यावर धूळ बसली, बुचाला कुबट वास येऊ लागला. खाली नवीन बाटली दिमाखात फिरत होती. तिच्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. जिला पडायची भीती नाही, तिला जपून वागणं काय कळणार?

अशात एका सकाळी माळ्याचं दार हळूच उघडलं. काशिनाथराव स्टुलावर उभे होते. बाई तेव्हा वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. काशिनाथरावांनी मला उचललं आणि ते पुटपुटले, "बाटली नेली तर हिच्या लगेच लक्षात येईल. तू चल."

मित्रांनो, खाली उतरल्याचा आनंद झाला, पण शंकाही आली. बायकोपासून लपवून नेण्यासारखं काय असेल? त्यांनी घाईघाईनं चहा केला. पांचट चहा! मला कापडी पिशवीत कोंबलं आणि स्कूटर सुरू केली. पिशवीतून मला काही दिसेना. बराच रस्ता गेला, उड्डाणपुलाची चढण गेली. मग पिशवी एका खुंटीला टांगली गेली. तिथं आवाज घुमत होते, दवाखान्यासारखा उग्र वास होता, आणि भिंतीपलीकडे नळ फुटल्यासारखं पाणी वाजत होतं. त्यात एका तरुण बाईचा आवाज आला.

"अंकल, घाबरता काय असे? माझा हात आहे ना. अंग सोडून द्या एकदम."

आणि काशिनाथराव म्हणाले, "शर्ली, सोडू नकोस हं मला!"

शर्ली! मी थिजलो. मी थिजू शकतो का, असं विचारू नका. थोड्या वेळानं पिशवी उघडली, आणि ज्या टोपणातून आजवर दोनच माणसांनी चहा प्यायला होता, बाकीच्यांना कप मिळत, त्यातून ती तिसरी चहा प्यायली.

"आंटीला सांगितलं का?"

"नाही. आणि इतक्यात सांगायचंही नाही."

वाटलं, पुढच्या खेपेला चहा मुद्दाम गार करावा. पण कामात लबाडी करता येत नाही, आमच्या जातीत तो प्रकारच नाही.

हे वरचेवर होऊ लागलं. घरी परतल्यावर मी पुन्हा माळ्यावर, आणि खाली चौकशी.

"कुठं गेला होतात?"

"आचोळ्याला. बळीरामकडे. कॅरम खेळायला."

"भल्या सकाळी कॅरम?"

"त्याला संध्याकाळी नीट दिसत नाही."

"आणि कॅरम खेळून केस ओले होतात का हो?"

"घाम गं."

"डिसेंबरात?"

काशिनाथराव पेपर उघडून बसत. पेपर कधी कधी उलटा असे.

बाई शिक्षिका होत्या. वर्गातलं कुठलं पोर खोटं बोलतंय, ते त्यांना पाठीमागूनही कळे. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं बघू लागल्या. वाडीतला गवती चहा त्या विळ्यानं बुडाशी नेटका कापत. आता एका बाजूची पाती कुणीतरी ओरबाडलेली होती. एकदा त्यांनी माळा उघडला तेव्हा मी जागेवर नव्हतो, हे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. धुळीत माझ्या बुडाचा गोल तेवढा उमटलेला होता.

मटिल्डा ओसरीवर बसून म्हणाली, "पुरुषमाणूस या वयात लपूनछपून जायला लागला ना, प्रेमा, की खिसे बघावेत. अत्तराचा वास येतो का?"

"अत्तराचा नाही गं," बाईंचा आवाज खाली आला. "औषधाचा येतो. दवाखान्याचा. डोळे लाल असतात, दमून येतात. काल बळीरामभाऊंचाच फोन आला. म्हणाले, काशिनाथ कुठे असतो हल्ली, महिनोन्महिने फिरकला नाही." मग त्या म्हणाल्या, "बाई असती तर भांडले असते, मटिल्डा. यांना काही झालंय आणि हे मला सांगत नाहीत."

मटिल्डाची थट्टा तिथंच संपली. तिनं बाईंचा हात हातात घेतला. माळ्यावर मी एकेक गोष्ट जुळवू लागलो. दवाखाना! तो वास, ते "घाबरू नका", ते "अंग सोडा". म्हणजे शर्ली नर्स होती का? कालपर्यंत मला काशिनाथरावांचा राग येत होता, आता त्यांच्या बोटांची चिंता वाटू लागली. परतताना ती सुरकुतलेली आणि गारठलेली असत.

त्यातच ज्येष्ठ नागरिक संघाची सहल ठरली. तारकर्ली. समुद्र. बाई पत्रकातलं नाव वाचून पान उलटणार, तोच काशिनाथराव म्हणाले, "जाऊया की. मी नावं देऊन टाकतो."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. जन्मभर डोंगर म्हणणारा माणूस आज समुद्र म्हणत होता. शेवटची इच्छा पुरी करायला निघाल्यासारखा. बाईंच्या डोळ्यांत तेच दिसलं असावं, कारण काशिनाथराव गडबडीनं चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी माळा उघडला तेव्हा मी तिथं नव्हतो. मी ओट्यावर होतो. पहाटे उठून बाईंनी मला खाली काढलं होतं, बूच पाण्यात उकळून घेतलं होतं, आलं ठेचून आणि गवती चहा घालून गळ्यापर्यंत भरलं होतं. त्या स्वतः बाहेर जायची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "आज बळीरामभाऊंकडे मीही येते. बघू तरी तुमचा कॅरम."

"अगं, तुला कंटाळा येईल..."

"येऊ दे."

मी बाईंच्या मांडीवर होतो. या वेळी पिशवी नव्हती, सगळं दिसत होतं. फाट्यावर स्कूटर थांबली. एक रस्ता सोपाऱ्याकडून आचोळ्याला, दुसरा विरारला. इंजिन नुसतंच फटफटत राहिलं. मागून भाजीचा टेंपोवाला ओरडला, "ओ काका, रस्ता अडवू नका!" बाईंची बोटं माझ्या मानेभोवती आवळली. आणि मला एकदम कारवार आठवलं. अगदी तशीच पकड. तेव्हा मी तिला राग समजलो होतो. आता बाईंच्या हाताला घाम सुटलेला होता. मित्रांनो, हा राग नव्हता. ही भीती होती.

काशिनाथरावांनी स्कूटर विरारकडे वळवली.

उड्डाणपूल ओलांडून, मनवेलपाड्याच्या पुढे, एका फाटकातून आम्ही आत गेलो. ना दवाखाना, ना खाटा. निळं निळं पाणी, आणि औषधाचा तो उग्र वास त्या पाण्याचाच होता. काठाला पोरांची रांग पाय मारत होती. शिट्टी गळ्यात घातलेली एक मुलगी धावत आली.

"अंकल, शेवटी आंटीला आणलं! आंटी, मी शर्ली. अंकल एकदम घाबरट आहेत, पण सोडत नाहीत. आता तरंगणारा बोर्ड धरून अर्धा टँक जातात."

काशिनाथराव मान खाली घालून कपडे बदलायला गेले. परत आले तेव्हा त्यांची हाडकुळी पांढरी छाती आणि डोक्यावरची रबरी टोपी बघून एक पोर खुदकन हसलं. ते शिडीनं एकेक पायरी उतरले आणि काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बाई पायरीवर बसल्या. मांडीवर त्यांचे कपडे, कपड्यांवर मी.

"तुम्ही आजारी नाही?" बाईंनी पहिलं तेच विचारलं.

"आजारी? छे गं!"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्यांचा आवाज चढला. "मग पाण्याचा एवढा सोस होता, तर माझं पोहणं का सोडवलंत?"

"मी? मी कधी सोडवलं?"

"कारवारला पाठ करून बसलात. दर खेपेला पाठ करून बसलात. मी काय समजायचं?"

पोरांचा दंगा चालू होता, पण त्या दोघांच्या मधे काहीच नव्हतं, हवासुद्धा नाही, असं वाटलं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर एवढंच करा. आपटू नका, आणि बूच लावून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवू नका. अधूनमधून उघडा, वारा लागू द्या. बंद राहून मी टिकतो खरा, पण आतल्या वासाला मग कुणी जवळ येत नाही. वटारच्या माणसाला, वाडीत बावखल असलेल्या माणसाला, एक साधा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. विचारावा असं सुचलंच नव्हतं कुणाला. त्या माणसानंही आपलं बूच घट्ट लावून ठेवलं होतं.

बाईंनी मला उघडलं. वाफ वर आली. त्यांनी टोपण भरलं आणि वाकून पाण्यातल्या नवऱ्यापुढे धरलं. काशिनाथरावांनी एक हात दांड्यावरून सोडला. एकच. त्या हातानं त्यांनी टोपण घेतलं नाही, बाईंचं मनगट धरलं.

"प्रेमा, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. आई बावखलाच्या काठावर उभं राहू द्यायची नाही, आणि मोठेपणी सांगायची लाज वाटली. तू पाण्यात गेलीस की मी पाठ करायचो ते रागानं नव्हे गं. तू बुडायला लागली असतीस, तर मला तुझ्यापर्यंत येता आलं नसतं."