प्रभाकररावांचे चौतीस अंश

मे महिन्यात पिपरी मेघे गावातल्या घराघरांत भट्टी पेटते; फक्त आपल्या घरात नाही, असं प्रभाकररावांचं म्हणणं होतं. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीला पांढरा रंग मारला, बैठकीत थर्मामीटर ठोकलं आणि त्यावर चौतीस दिसल्याबरोबर कूलरवर चादर टाकली.

"बाहेर पंचेचाळीस, घरात चौतीस!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेजारचे नत्थूजी हा चमत्कार पाहायला रोज येत, पाच मिनिटं घाम पुसत आकडा वाचत आणि मुकाट्यानं स्वतःच्या कूलरपुढे पळत.

प्रभाकररावांच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, पळायला जागा नव्हती.

"अजी, कूलर लावा. जीव चालला माहा."

"चौतिसात कोणाचा जीव जाते? आकडा पाह."

"आकडा काय पाहू? पाठ पाहा माही, घामोळ्यानं भरली."

"तुले गरम वाटून राह्यलं. वाटणं येगळं, असणं येगळं."

असे वीस दिवस गेले. वीस दिवसांत बाईंना खरंच वाटू लागलं, की बिघाड आपल्यातच आहे. त्यांनी तसं फोनवर रक्षाला सांगितलं. रक्षा त्यांची मुलगी, नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते.

"आई, तू ठीक हायेस. ते थर्मामीटर तपास. एका भांड्यात बर्फ कुटून भर, थोडं पाणी टाक, थर्मामीटरचा खालचा गोळा त्यात बुडव आन् चार मिनिटं हलवत राह्य. शून्यावर आलं तं खरं."

दुपारी प्रभाकरराव घोरायला लागले तसं बाईंनी थर्मामीटर खिळ्यावरून उतरवलं. साक्षीदार म्हणून नत्थूजींना बोलावलं. बर्फात बुडवल्यावर नळीतली लाल रेघ खाली आली, शून्यापाशी आली, शून्य ओलांडून गेली आणि उणे सातावर थांबली.

नत्थूजींच्या हसण्यानं प्रभाकरराव जागे झाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बर्फ खराब असन."

"बर्फ कसा खराब राहीन जी?" नत्थूजी म्हणाले. "वास येऊन राह्यला का?"

फ्रीजमधून दुसरा बर्फ आला. पुन्हा उणे सात. मग बाईंनी थर्मामीटरची आकड्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. काचेच्या नळीखाली गोंदाचा पिवळा थर होता.

"हे कोणी चिकटवलं?"

प्रभाकरराव पंख्याकडे पाहू लागले. "खिळा ठोकताना नळी निघाली होती. मी... अंदाजानं बसवली."

"म्हंजे नळी खाली सरकली आन् आकडा सात अंशांनी कमी दिसला. म्हंजे वीस दिवस मी एक्केचाळिसात पोया लाटल्या!"

बाईंना आधी हसू आलं आणि मग खराच राग आला. त्यांनी कूलरमध्ये पाणी भरलं, तो ओढत आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. नत्थूजी ही बातमी गल्लीत सांगायला घाईनं निघाले.

प्रभाकरराव बैठकीत एकटेच बसले. थोड्या वेळानं त्यांनी ब्लेडनं गोंद खरवडला, नळी बर्फात धरली आणि लाल रेघ बरोबर शून्यावर येईल अशी पट्टीवर बसवली. भिंतीवर टांगल्यावर आकडा चढत चढत एक्केचाळिसावर गेला. त्यांनी बनियन काढली.

पाचच्या सुमारास त्यांनी पन्हं केलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दार वाजवलं.

पन्ह्यात साखर नव्हती. बाईंनी तोंड वाकडं करत दोन घोट घेतले, मग खाटेवर जरा सरकून त्यांना जागा दिली. कूलरचं तोंड मात्र स्वतःकडेच ठेवलं.