रेमंडच्या मारेकऱ्याचं वय

रेमंड चार्नेकी गेला तो थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. बायकोनं, लुसिलनं, सांगितलेलं सामान घेऊन तो दुकानातून बाहेर पडला, तेवढ्यात पार्किंगमध्ये एक पोरगा आडवा आला आणि पिस्तूल रोखून गाडीची किल्ली मागू लागला. रेमंडनं किल्ली दिली नाही. पोरानं गोळी झाडली. पोराचं नाव ट्रेस मॅबरी, वय पंधरा. पिस्तूल त्याच्या एकोणीस वर्षांच्या मावसभावाचं. तो रस्त्यापलीकडे गाडीत बसून सगळं बघत होता.

एरी सरोवराकाठचं आमचं गाव लहान. रेमंड निवृत्तीनंतर दर शुक्रवारी चर्चच्या जेवणात मासे तळायचा, त्यामुळे त्याला न ओळखणारा माणूस विरळाच. गावाचा सूर एकच होता: पिस्तूल चालवताना मोठा होतास ना, मग शिक्षाही मोठ्यांसारखी भोग. मावसभाव सज्ञान होता, त्याचा प्रश्नच नव्हता. ट्रेसचा मात्र होता. बाल न्यायालयातच खटला चालला तर एकविसाव्या वर्षी तो सुटणार. मोठ्यांच्या कोर्टात पाठवला तर सगळं तारुण्य तुरुंगात जाणार. हे ठरवायचं होतं बाल न्यायालयाच्या न्यायाधीश होल्कमबाईंना, आणि त्याआधी त्या रेमंडच्या घरच्यांचंही ऐकून घेणार होत्या.

सरकारी वकील लुसिलला भेटायला घरी आला. घरच्यांना कडक शिक्षाच हवी असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. लुसिल म्हणाली की विचार करून सांगते. वकील जरा गोंधळला. शेजारी बसलेल्या तिच्या मुलाचा, ग्लेनचा, मात्र चेहरा उतरला. आईच्या मनात काय आहे ते त्याला बरोबर कळलं होतं.

ही मंडळी आमच्या गावात येण्यापूर्वी क्लीव्हलंडला राहायची. तिथं सोळा वर्षांचा असताना ग्लेननं शाळेच्या सामन्यानंतरच्या भांडणात कर्ट नावाच्या मुलाच्या तोंडावर फुटकी बाटली मारली होती. कर्टचा एक डोळा कायमचा गेला. तेव्हाही सरकारी वकिलाला ग्लेनला मोठ्यांच्या कोर्टात न्यायचं होतं. रेमंड कारखान्यातून रजा घेऊन कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या पोरानं केलंय ते भयंकर आहे, पण तो अजून पुरता घडलेला नाही. न्यायाधीशांनी ते मानलं. ग्लेन सुधारगृहातून परत आला, हीटर-बॉयलर दुरुस्तीचं काम शिकला, त्याचं लग्न झालं, नोरा नावाची मुलगी झाली. इथं गावात कोणाला यातलं काही माहीत नव्हतं.

वकील गेल्यावर ग्लेननं आईला विचारलं, "तू ते कोर्टात सांगणार आहेस?"

"तू नको म्हणालास तर नाही."

"मग नको. नोराला काही माहीत नाही, आई. चौदा वर्षांची आहे ती. आणि माझं नि त्याचं एका मापानं मोजू नकोस. मी भांडणात हाताला लागली ती बाटली उचलली. हा पिस्तूल घेऊन माणूस हेरत उभा होता."

"दोन्ही एक नाहीतच. पण तुझी बाटली वीतभर खाली, गळ्याला लागली असती तर?"

ग्लेन म्हणाला, "बाबांना काय वाटलं असतं ते राहू दे. तुला स्वतःला काय वाटतं?"

"सकाळी उठल्यावर वाटतं, त्याला जन्मभर आत टाकावं. दुपारपर्यंत तेवढं वाटत नाही."

सुनावणीला गर्दी होती. मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं की या वयात मोठ्या भावासमोर नाही म्हणणं फार अवघड जातं. सरकारी वकिलानं दाखवून दिलं की ट्रेस आदल्या दिवशीही त्या पार्किंगमध्ये येऊन गेला होता. दोन्ही खरं होतं. ट्रेस उसना कोट घालून बसला होता. मागं त्याची आजी होती, तिनं मान वर केली नाही.

लुसिल उभी राहिली. मुख्य गोष्ट गाळून बोलायचं होतं, त्यामुळे तिचं बोलणं तोकडं पडलं. माझ्या नवऱ्यानं एवढ्या पोराला मोठ्या माणसांच्या तुरुंगात ढकललं नसतं, एवढंच ती म्हणाली. हे कशावरून, असं वकिलानं अदबीनं विचारलं. ग्लेनला शब्द दिला होता, म्हणून लुसिल खाली बसली.

तेव्हा ग्लेन उठला. होल्कमबाईंनी त्याला बोलायला परवानगी दिली.

"सोळा वर्षांचा असताना मी एका मुलाचा डोळा फोडला," तो म्हणाला. "कोर्टानं मला लहान धरलं. माझे वडील बोलले म्हणून. माझी तेव्हा तेवढी लायकी नव्हती, ती नंतर आली. या पोराला तशी संधी मिळावी असं मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू? त्यानं माझा बाप मारलाय. पण बाबा इथं असते तर त्यांनी ती मागितली असती. ते नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं मी सांगतोय. माझं वेगळं आहे, तेही लिहून घ्या."

घरी जाऊन त्यानं आधी नोराला सगळं सांगितलं, वर्तमानपत्रात यायच्या आत.

निकाल लागला. खटला बाल न्यायालयातच ठेवला, पण मोठ्यांची शिक्षाही सुनावून बाजूला ठेवली. ट्रेस सुधारगृहात नीट वागला तर एकविसाव्या वर्षी सुटेल, नाहीतर ती शिक्षा लागू होईल. होल्कमबाईंनी कारणं दिली ती मावसभावाच्या दबावाची आणि पोराच्या नावावर आधी काही नसल्याची. ग्लेनच्या बोलण्याचा त्यात उल्लेखही नव्हता. तो बोलला नसता तरी हेच झालं असतं की काय, हे त्याला कधीच कळलं नाही. गावातल्या लोकांचं त्यांच्याशी बिनसलं. चर्चमध्ये काहीजण लुसिलशेजारी बसेनात, आणि ग्लेनची नेहमीची काही गिऱ्हाइकं तुटली.

नोरा बापावर रागावली नाही. तिनं एकच विचारलं, "ज्याचा डोळा गेला, त्या मुलाचं पुढे काय झालं?"

ग्लेनला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं चौकशीच केली नव्हती. त्यानं कर्टचा नंबर शोधला आणि फोन केला. कर्टचं क्लीव्हलंडमध्ये टायरचं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून फोन केलास. मी काही तुझी वाट बघत नव्हतो. पुन्हा करू नकोस."

ग्लेननं हे आईला सांगितलं. ती सूपसाठी बटाटे सोलत होती.

"बरोबरच आहे त्याचं," ती म्हणाली.

"आई, तो ट्रेस सुटून इथंच येईल. रस्त्यात समोर आला तर मी काय करायचं?"

"मला नाही माहीत."

"मी न्यायाधीश असतो तर त्याला मोठ्यांच्या कोर्टात पाठवलं असतं. अजूनही पाठवीन."

"ठाऊक आहे मला," लुसिल म्हणाली, आणि दुसरी सुरी काढून तिनं त्याच्यासमोर ठेवली. तो बसला आणि बटाटे सोलू लागला.