पास्टरांनी खाल्लेलं अंडं

होनोराताच्या पायरीवर पास्टर हॅस्किन्सनी बूट काढले आणि हॅट हातात घेऊन ते दारातच घुटमळले. आत ती चुलीपुढे बसून काटक्या मोडत होती. आज मृतांचा दिवस. सगळा गाव थडगी रंगवायला चुन्याच्या बादल्या, फुलं नि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीकडे निघाला होता. होनोराता तेवढी घरी होती. तीस वर्षं ती या दिवशी घरीच असे.

तिला मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणणारी शेजारीण पुरिंग कुंपणापलीकडून ओरडली, "मानांग होनोराता, अंडी झाकून ठेव गं! पास्टर आलेत!"

तिच्याबरोबरच्या बायका खिदळल्या. पास्टरही कसनुसे हसले. गावात ही चेष्टा जुनी होती.

पास्टर परदेशातून फिलिपिन्समधल्या या इलोकानो गावात धर्मप्रचाराला नवे आले होते तेव्हाची गोष्ट. होनोराताचा आठ वर्षांचा दुलो नदीत बुडून गेला होता. मेलेलं माणूस भुकेलं असलं की स्वप्नात येतं, मग त्याच्यासाठी ताटली मांडायची, तिला आतांग म्हणायचं, ही इथली रीत. होनोरातानं चिकट भाताची वडी आणि उकडलेलं अंडं मांडलं होतं. पास्टरांनी सगळ्यांदेखत ते अंडं उचललं आणि खाऊन टाकलं. "बघा," ते म्हणाले होते, "मेलेल्याला भूक नसते." पुढच्या महिन्यात होनोराता त्यांच्या प्रार्थनाघरात आली आणि दफनभूमीत जाणं, ताटली मांडणं तिनं सोडलं. गावातून आलेली ती पहिली. तसं पाहिलं तर शेवटचीही.

"बसा, पास्टर. मनिलाची बस उद्याची ना?"

"उद्या पहाटेची."

"या वयात थंडीच्या देशात चाललात. तिकडं कोण आहे तुमचं?"

"भाची आहे एक." ते हॅटची कड बोटांत फिरवत राहिले. "होनोराता, कोरा स्वप्नात येतेय. तीन रात्री झाल्या."

तिच्या हातातली काटकी मोडायची राहिली. कोरा म्हणजे पास्टरांची बायको. दोन वर्षांपूर्वी तिला प्रार्थनाघरामागे पुरलं होतं.

"काय म्हणतात बाई?"

"काही नाही. जेवणाच्या टेबलाशी बसलेली असते. पुढ्यात रिकामी ताटली. मी उठून काही आणायला जातो आणि जाग येते." त्यांनी मान खाली घातली. "उद्यानंतर इथं तिचं कुणी उरणार नाही. तू आज... एकदाच, तिच्यासाठी मांडशील का?"

बोलून गेल्यावर त्यांचे कान तापले. ती हसेल असं वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं.

होनोराता उठली. तिनं पातेल्यात पाणी ओतलं, टोपलीतलं एक अंडं धुऊन आत सोडलं. पाण्याला आधण येईपर्यंत दोघंही पातेल्याकडे बघत बसले.

"त्यानंतर तो एकदाही आला नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"दुलो. तुम्ही अंडं खाल्लंत, त्याच्या आधी रोज यायचा. केस ओलेच असायचे. खायला मागायचा. नंतर यायचाच थांबला. मला वाटलं, पास्टर खरं बोलले, पोराला भूक नाही. म्हणून तर आले तुमच्याकडे." तिनं लाकूड आत सारलं. "आता तुम्ही म्हणता, बाई येतात."

पास्टरांनी हॅट बाजूला जमिनीवर ठेवली.

"बाईंजवळ कुणी होतं का हो? एवढंसं पोर?" तिनं जमिनीपासून हात उंच धरून दाखवला. "नीट आठवा."

हो म्हणणं अवघड नव्हतं. पास्टरांनी डोळे मिटले. टेबल, त्यावरचं मेणकापड, कोराचे हात. समोर एकच खुर्ची, ती त्यांची स्वतःची.

"नाही," ते म्हणाले. "एकटीच होती."

होनोराताचा हात बराच वेळ तसाच अधांतरी राहिला. मग तिनं तो मांडीवर ठेवला.

"तुम्ही ओळखलंही नसतं म्हणा. जिवंतपणी कुठं पाहिलं होतं तुम्ही त्याला."

तिनं अंडं गार पाण्यात बुडवून सोललं, भातावर ठेवलं आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"बाईंना हाक तुम्हीच मारा. घरच्या माणसानं मारायची असते."

"तू कुठं निघालीस?"

"बाहेर बसते. त्या खरंच आल्या तर मला बघवणार नाही."

ती पायरीवर जाऊन पाठमोरी बसली. रस्ता आता रिकामा होता. पास्टरांनी ताटलीकडे बघत कोराचं नाव घेतलं, इतक्या हळू की त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं, पास्टर," पायरीवरून होनोराता म्हणाली. "फार लांब असतात गेलेली माणसं."