जिवाणीची परतवाट

रनाळ्यात जवरीलाल शेठच्या परसात विहीर आहे, आणि विहिरीपासून हाकेवर, जरा चढावर, संडासचा शोषखड्डा. या दोघांचं जमिनीखालून काही जमलंय का, एवढंच पंचायतीला हवं होतं. खड्ड्यातली घाण विहिरीत येऊन साचत असेल, तर विहिरीवर स्लॅब.

शेठना काय, नळ आलाच होता. जीव टांगणीला लागला त्यांच्या बायकोचा, तीजाबाईंचा. जैन घर. पाणी फडक्यानं गाळायचं, आणि त्या गळण्यावर अडकलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, जिथून आली तिथंच अलगद परत सोडायची.

"विहीरमा बादली सोडता येस," तीजाबाई म्हणाल्या. "नळमा जिवाणी उलटी कशी घालू? या वयमा टाकीवर चढू का?"

"चढ ना. मी खाले सिडी धरस," शेठ म्हणाले.

तपासाला आली यामिनी, नंदुरबारच्या कॉलेजातली संशोधक. रनाळ्याची अख्खी जमीन तिनं लॅपटॉपात कोंबली होती. शोषखड्ड्याशेजारी तिनं भोक पाडलं आणि त्यात बाटली रिकामी केली.

"काकी, हे जिवाणू. काही करत नाहीत बिचारे. जांभळ्या बॅटरीच्या उजेडात हिरवे चमकतात. हे भोक म्हणजे यांचं घर. इथून निघून विहिरीत कधी पोचतात ते बघायचं."

तीजाबाईंनी ऐकलं 'जिवाणी'. हात जोडले.

लॅपटॉप म्हणाला, काळी माती घट्ट, पोचायला अख्खा पावसाळा तरी जाईल. जिवाणू संध्याकाळीच विहिरीत हजर. कारण पाणी मातीतून रांगत जात नाही. भेग, उंदराचं बीळ, कुजलेल्या मुळाची पोकळी, जी वाट मोकळी तिथून पळतं. यामिनीनं लॅपटॉपात एक भेग घातली. आता उत्तर छान आलं: आठवड्यात जिवाणू विरतील, नुसता खड्डा हलवा, विहीर वाचली.

जिवाणू विरेनात. रोज विहिरीचं पाणी बशीत ठेवावं, तर बशी पहिल्या दिवसाइतकीच हिरवी. यामिनीनं आणखी भेगा घातल्या, उंदीर वाढवले, शेवटी लॅपटॉपात मातीपेक्षा भोकंच जास्त झाली. गणित एकाच अटीवर जुळत होतं: विहिरीतून भोकाकडे उलटी वाट दाखवायची. चढावर. कोरड्या मातीतून.

तिनं भोकाला कान लावला. खाली कुणीतरी बशीतून चहा फुरकावा तसा आवाज आला. ती झटकन उठली.

दिवेलागणीला परसात तिची जांभळी बॅटरी सहज दोरीवर पडली. वाळत घातलेलं गळणं हिरवं पेटलं.

"काकी! तुम्ही जिवाणी कुठं टाकता?"

"त्या भोकमा. तूच सांगं ना, त्यास्नं घर शे म्हनीसन! रोज लोटाभर. जेन्हं त्यान्हं घर पोचाडवं लागस, पोरी."

यामिनी हसून हसून ओट्यावर बसली. तीजाबाईंनी कानाला हात लावला. "आजपाईन बंद!" शेठनी तर लोटा दुकानाच्या तिजोरीत घातला.

दुसऱ्या दिवशी बशी हिरवी. तिसऱ्या दिवशीही. आठवडा उलटला, तरी हिरवीच. पंचायतीनं विहिरीवर स्लॅब टाकला.

सामान न्यायला यामिनी आली, तर पाऊस नाही, वर भांडं कुणी ओतलेलं नाही, आणि भोक काठोकाठ भरलेलं. पाणी हलत नव्हतं. बॅटरी लावली. हिरवं.

"कोनी टाकं?" शेठ कुजबुजले.

"कोनीच नही," तीजाबाई म्हणाल्या. "मी फक्त रस्ता दखाडा. आते त्या आपला आपला घर येतस."

यामिनी लॅपटॉप छातीशी धरून फाटकापर्यंत मागं मागं गेली. तीजाबाई मात्र कितीतरी दिवसांनी खुश दिसत होत्या. घरात जाऊन त्यांनी नळाचं पाणी गाळलं, गळणं दुसऱ्या लोट्यात विसळलं आणि तो घेऊन भोकापाशी बसल्या.

"अवं, ती नळनी जिवाणी शे!" शेठ ओरडले.

"मंग? नळनं पानी तरी जमीनमाईनच येस ना? जातीन वाट धुंडत."

लोटा भोकावर कलंडला. भरलेल्या भोकातून एक थेंबही बाहेर सांडला नाही.

खालून फुरका मात्र आला. मग त्याच्या शेजारी आणखी एक.