हिरवळीखालची तुळई

मित्रांनो, मी एका घराच्या मागच्या दाराबाहेरचा जुना लाकडी डेक आहे. उतारावर सहा खांब रोवून मला उभं केलं आहे. दारातून पाहिलं तर मी जमिनीला टेकलोय असंच वाटतं, पण माझ्याखाली उंच माणूस मान न वाकवता उभा राहू शकतो. ही उंची लक्षात ठेवा.

मला बांधलं एका अबोल सुतारमामांनी. खाली जाड तुळया, वर फळ्या, आणि दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. निघताना ते घरातल्या आजोबांना म्हणाले, "या फटी बुजवू नका. पाणी गळून जाऊ दे, वारा खेळू दे. वर्षातून एकदा तेल पाजा आणि खाली जाऊन तुळया टोचून बघा."

आजोबांनी हा शब्द वीस वर्षं पाळला. तेव्हा ते आजोबा नव्हते, केस काळे होते. दरवर्षी ते मला घासायचे, वाळू द्यायचे, तेल लावायचे. मग खाली शिरून प्रत्येक तुळईला स्क्रू-ड्रायव्हर टोचायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. खरं सांगतो, मी फार लाडावलो होतो.

मग आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि माझी जबाबदारी त्यांच्या मुलाकडे गेली.

हा मुलगा स्वभावाने गरीब, पण त्याला वस्तू झाकण्याचा भारी सोस. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्यावर चादर, ती मळू नये म्हणून वर दुसरी चादर. त्याची बायको त्याला 'झाकणराव' म्हणते. या झाकणरावांनी ठरवलं की मला ऊनपावसापासून वाचवायचं. त्यांनी प्लॅस्टिकच्या हिरवळीचा गालिचा आणला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत गोंदाने पक्का चिकटवला. एकही फट मोकळी राहिली नाही.

पाहुणे आले की म्हणत, "वा, काय छान दिसतंय!" मीही सुरुवातीला फुशारलो. पण पाऊस आला. गालिच्याच्या कडांतून पाणी आत शिरलं, आणि आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट सापडेना. ऊन पडलं तरी मी वाळलो नाही. आधी बुरशी धरली, मग भिंतीकडून तिसरी तुळई मऊ पडू लागली. वरून मी हिरवागार आणि आतून काळा पडत होतो, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मित्रांनो, मला तोंड नाही, फक्त करकर आहे. मी जीव तोडून करकरलो. झाकणराव हातोडी घेऊन आले आणि आवाजाच्या जागी एक लांब खिळा ठोकून गेले. करकर थांबली.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आजोबांना रोज वीस फेऱ्या मारायला सांगितल्या. सपाट आणि मोकळी जागा म्हणून सगळ्यांनी मलाच निवडलं. वॉकर ठोकत आजोबा दारापासून कठड्यापर्यंत जात आणि परत येत. एका दिवसात ते चाळीस वेळा त्या तिसऱ्या तुळईवरून जायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता मोडलो. मला इतकी भीती कधी कुठल्या वादळाची वाटली नव्हती.

एकदा सून म्हणाली, "अहो, इथे पाय दबतोय."

"गालिचा जाड आहे ना, म्हणून," झाकणराव म्हणाले.

एके सकाळी आजोबांनी वॉकर बाजूला सारला. "आज नुसत्या काठीवर," ते म्हणाले. सून दारात उभी राहून फेऱ्या मोजत होती. अकराव्या फेरीला त्यांनी काठी त्या मऊ जागी टेकली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. काठी गालिचा फाडून आत गेली. पाठोपाठ फळी मोडली, तुळई दुभंगली आणि आजोबांचा उजवा पाय, ऑपरेशनचाच पाय, मांडीपर्यंत खाली गेला.

सून धावली. "येऊ नकोस!" आजोबा ओरडले. "तूही जाशील!"

ती जागच्या जागी थांबली. शेजारच्या फळीने आजोबांना जांघेशी तोलून धरलं होतं, आणि तीही वाकत चालली होती. सुनेने भिंतीजवळची शिडी आडवी टाकली, तिच्यावर पालथी पडली आणि सरपटत जाऊन सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. झाकणराव पायऱ्या उतरून माझ्याखाली धावले. लोंबकळणारं पाऊल त्यांनी खांद्यावर घेतलं आणि सगळा भार पेलून उभे राहिले.

"अरे, मी तुझ्या खांद्यावर उभा आहे का?" वरून आजोबांनी विचारलं.

"हो बाबा. हलू नका."

त्यांनी मान वर केली आणि माझं पोट आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. काळ्या तुळईचा भुगा त्यांच्या तोंडावर पडत होता. शेजारी येऊन आजोबांना वर ओढेपर्यंत ते तसेच उभे राहिले. खुबा शाबूत निघाला, नुसतं खरचटलं होतं. पण त्या दिवसापासून आजोबांनी माझ्यावर पाऊल ठेवलं नाही.

म्हातारे सुतारमामा पुन्हा आले. "मी तर झाकून ठेवलं होतं हो," झाकणराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"म्हणूनच," मामा म्हणाले.

गालिचा निघाला. नवी तुळई आणि चार नव्या फळ्या बसल्या, मला तेल मिळालं. खाली जाऊन तुळया टोचण्याचं काम आता झाकणरावच करतात. मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची असेल तर एवढंच करा, वाकून त्याची दुसरी बाजू पाहा.

आजोबा मात्र उंबऱ्यापर्यंत येत आणि मागे फिरत. मला त्याची फार लाज वाटायची.

काल ते बराच वेळ दारात थांबले. "बाबा, नव्या फळ्यांवरून या, त्या पक्क्या आहेत," झाकणराव म्हणाले.

आजोबांनी मान हलवली. "त्यांची-माझी ओळख नाही रे," असं म्हणून त्यांनी त्या दिवशी वाकत वाकत त्यांना तोलून धरणाऱ्या जुन्या फळीवर पाय ठेवला.

मी त्यांना धरून आहे.