फुलीच्या प्लेटा

सूर्याच्या जिवावर जगलेली वस्तू जिवंत की मेलेली, हे सूर्य वर यायच्या आत ठरवू नये. पण उन्हाळा कडक होता, काच हाताला चटके देई, म्हणून मुकादमाने तीन दिवसांपासून तपासणी दुपारची पहाटेवर आणली होती.

छपरांवरून उतरवलेल्या सोलरच्या प्लेटा या यार्डात येत. तपासणीवरची मावशी प्रत्येकीच्या दोन वायरी वीतभर पंख्याला जोडायची. पंखा फिरला तर खडूचा गोल: ती प्लेट दुसऱ्या कुठल्या लहानशा छपरावर पुन्हा नांदायला जाई. नाही फिरला तर फुली. फुलीच्या प्लेटा मिस्त्रीकडे जात. मिस्त्री म्हणजे मावशीचा नवरा. तो वायरी तोडायचा, चौकट उचकटायचा, उरलेली काच गिरणीत जायची.

पहिल्या पहाटे जवळजवळ सगळ्या मेलेल्या निघाल्या. दुसऱ्या पहाटे झाडून सगळ्या.

"इतक्या कशा गेल्या हो एकदम?" तिने विचारलं.

"पंचवीस वर्षं झाली त्यांना, मावशी," मुकादम म्हणाला. "माणूससुद्धा तेवढ्यात पेन्शनीला टेकतो."

"पेन्शनीला टेकलेला मरत नाही, नुसता कुरकुरतो. आमच्या घरी आहे एक."

मुकादम हसला. तीही हसली, आणि पुढची फुली मारली. तिला खरं तर ठाऊक होतं. नव्या संसारात ती दोघं याच प्लेटा छपरांवर चढवत, तेव्हा तिथल्या इंजिनिअरने सांगितलं होतं, पंचवीस वर्षांनी या थकतील, मरणार नाहीत. शंभरातलं ऐंशी तरी देत राहतील. पण मुकादमाच्या तोंडी कोण लागणार? हात चालू ठेवायचा आणि ओठांत गुणगुणायचं:

ऊन पिऊन पिऊन, काच झाली गं म्हातारी
हाक घालता सूर्याने, पुन्हा उभी राही दारी

यार्डाची एक रीत होती. मेलेल्या वीस प्लेटा घ्यायच्या, एकीची वायर दुसरीत, दुसरीची तिसरीत अशी खोवत जायची, आणि शेवटच्या प्लेटेची पुन्हा पहिलीत. वायरी पायात येत नाहीत. याला माळ म्हणत. माळ उताणी उन्हात पसरली की चौकटीचा चिकटा सैलावतो. मग मिस्त्री पकड घेऊन बसे. मेलेल्यांची माळ, तिला काय भ्यायचं? दोन दिवस तो जुनाच ढीग उपसत होता. पहाटेच्या फुल्यांची पहिली माळ त्याच्यापुढे आज आली.

अकराच्या सुमाराला मावशी पाणी प्यायला निघाली आणि जागीच थबकली. पहाटे शेवटच्या प्लेटेला जोडलेला पंखा सोडवायचा राहिला होता. प्लेटेवर तिच्याच हातची ठसठशीत फुली. आणि पंखा फिरत होता. वारा तर पानही हलवत नव्हता, तरी भिंगरीसारखा गरगर.

पहाटेच्या मिणमिणत्या उजेडात या नुसत्या झोपलेल्या होत्या. आता सगळ्या जाग्या होत्या, सूर्याकडे तोंड करून, वीस जणी एकमेकींना धरून. माळ अखंड आहे तोवर वीज आतल्या आत फिरणार, कुणाला चाहूलही नाही. जो माळ तोडील, त्याच्या हातावर विसांचा जोर एकदम येणार. छपरावर तिने एकदा एका गड्याच्या हातात तशी ठिणगी पाहिली होती. ती उडून विझत नाही, जळत उभी राहते. त्या गड्याची बोटं तिनेच फडक्यात गुंडाळली होती.

पलीकडच्या टोकाला मिस्त्री पोत्यावर बसला होता, कानांत कापसाचे बोळे.

"अहो!" गिरणीने हाक गिळली.

तिने ताडपत्री ओढली आणि फरफटत धावली. वायर पकडीच्या जबड्यात होती. ताडपत्री अठरा प्लेटांवर पडली. दोन उघड्या राहिल्या.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" असं म्हणत त्याने पकड आवळलीच.

निळा दात चमकला. पकड उडून पडली. मिस्त्री अंगठ्याकडे बघत बसला. कातडी पांढरी पडली होती. पकडीच्या पात्याला तांदळाएवढी खाच.

"या मेलेल्या होत्या ना?"

"मी म्हटलं होतं मेलेल्या," ती त्याचा हात पाण्यात धरत म्हणाली. "त्यांनी नव्हतं म्हटलं."

गिरणी थांबली. मुकादम आला, वाकून खाच बघू लागला.

"आधीच्या दोन पहाटांच्या माळा कुठायत?" तिने विचारलं.

"त्या काल ट्रकमधून गेल्या. दुसऱ्या गावच्या यार्डात. तिथे पाच जण आहेत तोडायला."

"तशाच जोडलेल्या?"

तो तिथे फोन लावू लागला. फोन वाजत राहिला, वाजून बंद पडला.

"जेवायला बसले असतील," तो म्हणाला.

अकराला कोण जेवतं? मावशीने वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, त्या यार्डापासून इथपर्यंत एकच ऊन.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.